टीबी, कॅन्सर आणि आपल्या प्रतिकारक पेशी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या महिन्यात या सदरात मी लिहिले होते, की टीबीची गाठ असो वा कॅन्सरची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की तिच्यात आपल्याच पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. कधी कधी तर रोगाच्या मूळ कारणापेक्षा त्यांचीच संख्या जास्त असते. त्यावर नागपूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून पत्रांचा ओघ लागला. बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे : "आमच्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी पडली का, आणि ती वाढवायची कशी?" या दोन्ही आजारांत प्रश्न सहसा ताकदीचा नसतो. पेशी कुठे जमल्या, केव्हा पोहोचल्या आणि त्यांना वेळेवर आवर घातला गेला का, यावर बरेच काही ठरते. पत्रावरून निदान करता येत नाही, मीही ते करणार नाही. पण डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, एवढे तरी वाचकांच्या हाती लागावे, म्हणून ही उत्तरे.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे. मानेत गाठी आल्या, संध्याकाळी ताप यायचा, वजन उतरले. सुईच्या तपासणीत "ग्रॅन्युलोमा" असे लिहून आले आणि टीबीची औषधे सुरू करायचे ठरले. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र सांगितले, की गाठ काढून तपासा, लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) नाही याची खात्री करा. दोन डॉक्टर, दोन मते. आम्ही कोणाचे ऐकायचे?
– एक आई, मानेवाडा

ताई, गाठ काढून तपासून घ्या. पहिल्या डॉक्टरांचे चुकले असे मी म्हणत नाही; आपल्याकडे तरुण वयात मानेत गाठ आली, तर टीबीची शक्यता खरोखरच मोठी असते. पण ग्रॅन्युलोमा हा आजार नाही, ती पेशींची एक रचना आहे, आणि ती एकाहून अधिक आजारांत तयार होते.

टीबीचा जंतू शरीरात शिरला की मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. एरवी गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो, त्या पिशवीला पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिळते आणि जंतू संपतो. टीबीचा जंतू या दोन पिशव्यांना एकत्र येऊच देत नाही. लंडनच्या आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी 1971 मध्ये हे दाखवून दिले. म्हणजे ज्या पेशीने त्याला मारायचे, तिच्याच पोटात तो राहतो, आणि साधारण दिवसाला एकदा, अगदी संथपणे विभागतो. मग टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचे रसायन सोडून मॅक्रोफेजना चेतवतात. मॅक्रोफेज एकमेकींना चिकटतात, काही एकत्र होऊन बहुकेंद्रकी मोठ्या पेशी बनतात, भोवती टी-पेशींचे कडे पडते आणि मधला भाग मरून जातो. हा झाला ग्रॅन्युलोमा.

आता हॉजकिन लिम्फोमा पाहा. या कॅन्सरमध्ये गाठीतल्या शंभर पेशींपैकी खऱ्या कॅन्सरच्या पेशी अनेकदा एखाद-दुसऱ्याच असतात. बाकी सगळ्या त्यांनी रसायने सोडून बोलावून घेतलेल्या प्रतिकारक पेशी! त्या गर्दीत काही ठिकाणी ग्रॅन्युलोमाही तयार होतात. सुई नेमकी तिथे गेली, तर काचेवर ग्रॅन्युलोमा दिसतो आणि कॅन्सरची पेशी दिसतच नाही. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच, आणि वयही तेच. म्हणून अशा गाठीत मी एकट्या सुईवर समाधान मानत नाही.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवा. काढलेल्या गाठीचे दोन भाग करायला सांगा : एक फॉर्मॅलीनमध्ये, बायोप्सीसाठी, दुसरा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). पूर्ण गाठ फॉर्मॅलीनमध्ये बुडवली की जंतू मरतात आणि कल्चरची संधी कायमची जाते. असे नमुने माझ्या टेबलावर आजही येतात आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो. दुसरे, बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नका. त्यांनी लिम्फोमाची गाठ तात्पुरती आकसते आणि निदान लांबते.

आणि ताई, निकाल काहीही आला तरी धीर सोडू नका. गाठीचा टीबी साधारण 6 महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. हॉजकिन लिम्फोमा हा ज्या कॅन्सरमधून बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात, अशांपैकी एक आहे.

प्रश्न : टीबी पक्का झाला, औषधे सुरू होऊन दोन महिने झाले. ताप गेला, भूक लागते, पण मानेतली गाठ उलट मोठी झाली आणि शेजारी नवीन आली. औषध लागू पडत नाही का?
– एक विद्यार्थी, सक्करदरा

भूक परत आली, ताप गेला, ही चांगली खूण आहे. गाठीच्या टीबीत असे बऱ्याच रुग्णांना होते. औषधांनी जंतू मरतात, त्यांचे तुकडे गाठीत पसरतात. इकडे पोषण सुधारल्याने टी-पेशीही जोमात आलेल्या असतात. त्या या तुकड्यांवर तुटून पडतात आणि गाठ सुजते. अनेकदा तिच्यात जिवंत जंतू सापडतही नाही. तरी घरबसल्या असे गृहीत धरू नका. औषधाला न जुमानणारा टीबी नाही ना, हे पाहण्यासाठी गाठीतले पाणी काढून पुन्हा तपासावे लागते. तो अहवाल येईपर्यंत औषधाचा एकही दिवस चुकवू नका.

प्रश्न : वडील 63 वर्षांचे. सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत ड्रिलिंगच्या कामावर आयुष्य गेले. उजव्या फुप्फुसात डाग आहे. बेडक्यात जंतू सापडला नाही, तरी एक्स-रेवरून टीबीची औषधे दिली. दोन महिन्यांनी डाग वाढलेला दिसतो. आता पेट स्कॅन केला, त्यात तो डाग "चमकतो" असे लिहिले आहे. म्हणजे कॅन्सरच ना?
– एक मुलगा, सावनेर

पेट स्कॅनवरून नक्की सांगता येत नाही, दादा. त्या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात आणि ते कुठे साठते ते पाहतात. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भरपूर ओढतात, हे खरे. पण चेतवलेले मॅक्रोफेज आणि टी-पेशीही तितक्याच हावरटपणे ओढतात. त्यामुळे टीबीचा डागही झगझगीत चमकतो. उंदरांच्या गाठींवर 2021 मध्ये झालेल्या संशोधनात तर असे दिसले, की कॅन्सरच्या गाठीतसुद्धा दर पेशीमागे सर्वात जास्त ग्लुकोज मॅक्रोफेजच्या कुळातल्या पेशी घेतात, कॅन्सरच्या पेशी नव्हे. टीबी एवढा पसरलेला असलेल्या आपल्या देशात "चमकतो" या शब्दावर ना कॅन्सर ठरवावा, ना टीबी. दुर्बिणीने किंवा सिटी स्कॅनच्या मदतीने सुई घालून डागाचा तुकडा काढणे, हाच मार्ग आहे. जंतूचा पुरावा नाही आणि औषधांनी उतार नाही, अशा स्थितीत आणखी दोन महिने वाट पाहण्यात अर्थ नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण आपल्याकडे आधी टीबीच्या औषधांवर महिने घालवून मग पोहोचतात. तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. हे थांबले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या पत्रातली खाण मला जास्त महत्त्वाची वाटते. नागपूरभोवती कोळसा आहे, मनसर-गुमगावकडे मँगनीज आहे, दगडाच्या खदानी आहेत. खडक फोडताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. तिचा कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि तिथला मॅक्रोफेज त्याला गिळतो. दगड पचणार कसा? कण पेशीतली पाचक पिशवी फोडतो, दाह वाढवणारी रसायने बाहेर पडतात, पेशी मरते. कण मोकळा होतो आणि दुसरा मॅक्रोफेज त्याला गिळतो. हे चक्र काम सोडल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहते, फुप्फुसात तंतू साठत जातात आणि सिलिकोसिस होतो. ज्या पेशींनी टीबीचा जंतू अडवायचा त्याच निकामी होत असल्याने सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबीचा धोका कित्येक पटींनी वाढतो. शिवाय सततच्या दाहामुळे कॅन्सरचाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

म्हणजे वडिलांना दोन्हींपैकी काहीही असू शकते, दोन्ही एकत्रही असू शकतात. तुकडा तपासायला देताना कागदावर त्यांचे काम स्पष्ट लिहा : किती वर्षे, भूमिगत की उघडी खाण, ड्रिलिंग. पॅथॉलॉजिस्टला ही माहिती फार क्वचित मिळते. सिलिकोसिस हा कायद्याने नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे. तो ठरला तर भरपाईचा हक्क मिळू शकतो, म्हणून नोकरीची कागदपत्रे जपून ठेवा.

प्रश्न : यजमानांना वीस वर्षे खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) सवय होती. गालाच्या कॅन्सरचे ऑपरेशन आणि रेडिएशन झाले, आता तो पुन्हा उलटला आहे. डॉक्टर इम्युनोथेरपी म्हणतात. खर्च ऐकून छातीत धडकी भरली. शिवाय त्यांना दहा वर्षांपूर्वी टीबी झाला होता. हे औषध प्रतिकारशक्ती वाढवते म्हणतात, मग टीबी परत येणार नाही ना, उलट फायदाच होईल ना?
– एक वाचक भगिनी, जरीपटका

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातला अंदाज कोणालाही पटेल असा आहे. प्रत्यक्षात घडते ते वेगळे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टी-पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-1 नावाचे एक प्रथिन असते. क्योटोच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने ते 1992 मध्ये शोधले. त्याचे काम गाडीच्या ब्रेकसारखे : टी-पेशी फार काळ चेतलेली राहिली, तर शरीराचेच नुकसान होते, म्हणून तिला आवरायचे. कॅन्सरच्या पेशी याचाच फायदा घेतात. त्या आपल्या अंगावर पीडी-एल1 हे जोडीदार प्रथिन चढवतात आणि जवळ आलेल्या टी-पेशीचा ब्रेक दाबून धरतात. इम्युनोथेरपीतले निव्होलुमॅबसारखे औषध हे दाबणे थांबवते. त्याने नवी ताकद येत नाही, अडलेली टी-पेशी फक्त मोकळी होते. टी-पेशींचे असे ब्रेक काढून कॅन्सरवर उपचार करण्याच्या शोधासाठी होन्जो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना 2018 चे नोबेल मिळाले.

मग शास्त्रज्ञांना वाटले, टीबीतही टी-पेशी अशाच थकलेल्या असतील, ब्रेक काढून पाहू. पीडी-1 नसलेल्या उंदरांना टीबीची लागण करून पाहिली. ते साध्या उंदरांपेक्षा लवकर मेले. त्यांच्या टी-पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा इतका सोडला, की फुप्फुस कुजत गेले आणि मेलेल्या भागात जंतू आणखी वाढला. माणसांतही कॅन्सरसाठी हे औषध घेताना टीबी उफाळून आल्याच्या नोंदी आहेत. पीडी-1 जन्मतःच नसलेल्या एका मुलाला टीबी झाल्याचे आणि पुढे त्याच्याच प्रतिकारक पेशींनी फुप्फुसावर हल्ला केल्याने तो दगावल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. कॅन्सरमध्ये जो ब्रेक नडतो, टीबीत तोच फुप्फुस वाचवतो.

याचा अर्थ यजमानांनी औषध घेऊ नये असा नाही. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्यांना हे औषध देता येते. मात्र आधी छातीचा सिटी स्कॅन आणि गरज पडल्यास बेडका तपासून सक्रिय टीबी नाही याची खात्री करावी लागते. तो असेल तर त्याची औषधे आधी सुरू होतात. म्हणून टीबीचे जुने कागद शोधून डॉक्टरांपुढे ठेवाच. दहा वर्षे झाली, आता काय सांगायचे, असे करू नका. औषध चालू असताना नवा खोकला, धाप, जुलाब, खूप थकवा यांपैकी काहीही आले तरी त्याच दिवशी कळवा. मोकळ्या झालेल्या टी-पेशी फुप्फुस, आतडे, थायरॉइड, यकृत यांवरही उलटू शकतात. वेळेवर कळले तर बहुतेकदा आवरता येते.

आता खर्च. इथे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी फार मोठे काम केले आहे. डोके-मानेच्या, उलटलेल्या किंवा पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर त्यांनी चाचणी घेतली. निम्म्यांना तोंडाने घ्यायच्या, कमी मात्रेच्या तीन औषधांचा उपचार दिला. उरलेल्यांना त्याच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षाअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. आपल्याकडच्या रुग्णांना परवडेल अशा मात्रेचा प्रश्न आपल्याच डॉक्टरांनी विचारला आणि त्याचे उत्तर काढले, याचा मला अभिमान वाटतो. यजमानांना हा कमी मात्रेचा उपचार लागू होतो का, हे तुमच्या डॉक्टरांना नेमके याच शब्दांत विचारा. हा उपचार आजार मुळापासून काढत नाही. काही जणांना त्याने बराच जास्त काळ मिळतो, काहींना काहीच फरक पडत नाही. हे आधी कळलेले बरे. आर्थिक मदतीसाठी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा, ते योजना आणि ट्रस्ट दोन्हींची वाट दाखवतात.

आणि घरात मुलगे असतील तर त्यांच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी आजच बाहेर काढा.

प्रश्न : मी एम.एस्सी. करतो आहे. टीबी हा जंतूचा आजार, कॅन्सर आपल्याच पेशींचा. मग संशोधक दोन्हींचा एकत्र विचार का करतात? आणि असे काम विदर्भात होते का?
– एक विद्यार्थी, नागपूर

दोन्ही आजार वर्षानुवर्षे टिकतात आणि दोन्ही ठिकाणी प्रतिकारक पेशी जागेवर हजर असूनही काम पूर्ण होत नाही. म्हणून एकीकडचा शोध दुसरीकडे उपयोगी पडतो. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे रसायन 1975 मध्ये उंदरांतल्या कॅन्सरच्या गाठी मारणारे म्हणून सापडले. पुढे ते संधिवाताच्या दाहात दिसले, म्हणून ते अडवणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे आली. 2001 मध्ये लक्षात आले, की ही औषधे घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांमध्ये टीबी उफाळतो आहे. वर्षानुवर्षे ग्रॅन्युलोमात दबून राहिलेला जंतू त्या एका रसायनाच्या आधारे दबलेला होता, हे माणसात असे अपघातानेच सिद्ध झाले. आज ही औषधे सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी करतात ती यामुळे.

नियामक टी-पेशींचेही तसेच. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्यांची ओळख पटवली, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये त्यांमागचे जनुक शोधले आणि तिघांना 2025 चे नोबेल मिळाले. या पेशी इतर टी-पेशींना आवरतात. कॅन्सरच्या गाठी त्यांना गोळा करून आसरा घेतात. उंदरांच्या टीबीत त्या हल्लेखोर टी-पेशींना फुप्फुसात उशिरा पोहोचू देतात आणि तेवढ्यात जंतूचे फावते.

सगळेच सरळ जुळत नाही, हेही ध्यानात ठेव. कॅन्सरच्या पेशी सीडी47 हे प्रथिन दाखवून मॅक्रोफेजला गिळू देत नाहीत, म्हणून ते अडवणारे मॅग्रोलिमॅब मोठ्या आशेने तपासले गेले. पण रक्ताच्या कॅन्सरमधल्या मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाही आणि 2024 मध्ये ते काम कंपनीला थांबवावे लागले. प्रयोगशाळेतली सुंदर कल्पना रुग्णात का पडली, हे वाचणे मला यशाच्या बातमीइतकेच शिकवणारे वाटते.

विदर्भाबद्दल म्हणशील, तर सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत टीबीच्या प्रतिजनांवर (प्रतिकारक पेशी ओळखतात त्या जंतूच्या अंशांवर) अनेक वर्षे काम झाले आहे. मेंदूच्या टीबीच्या निदानावर नागपुरातल्याच सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधून संशोधन प्रसिद्ध झाले आहे. तिथले निबंध आधी वाच, मग त्या लोकांना जाऊन भेट.

प्रश्न : काकांच्या मूत्राशयात कॅन्सर निघाला. दुर्बिणीने काढला आणि आता म्हणतात, टीबीची बीसीजी लस मूत्राशयात सोडायची! हा काही प्रयोग तर नाही?
– एक पुतण्या, काटोल

हा प्रयोग नाही, जुना आणि पारखलेला उपचार आहे. कॅनडाच्या अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष मांडले. मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत न पोहोचलेला, पण परत येण्याचा धोका असलेला कॅन्सर काढून टाकल्यावर आजही जगभर हाच उपचार पहिल्यांदा विचारात घेतात. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे, नळीवाटे लस आत सोडतात. नंतर ठरावीक अंतराने पुढचे डोस असतात. लसीतले जिवंत पण दुबळे केलेले जंतू आतल्या अस्तराला चिकटतात आणि मॅक्रोफेज, टी-पेशींसह सगळी फौज मूत्राशयात उतरते. त्या दाहात उरलेसुरले कॅन्सरचे कण मारले जातात. इथे आपण जाणूनबुजून दाह पेटवतो, तोही एका बंद जागेत, म्हणून तो आवाक्यात राहतो.

डोसनंतर एक-दोन दिवस जळजळ, वारंवार लघवी, किरकोळ ताप अपेक्षित आहे. ताप दोन दिवसांहून अधिक टिकला किंवा हुडहुडी भरली, तर लगेच रुग्णालय गाठा; जंतू रक्तात गेला असण्याची शक्यता असते. नळी घालताना रक्त आले, तर त्या दिवशीचा डोस पुढे ढकलतात, त्यासाठी हट्ट करू नका. डोसनंतर पहिले सहा तास काकांनी बसून लघवी करावी आणि संडासात ब्लीचिंगचे पाणी ओतून थोड्या वेळाने फ्लश करावा. काका आधीच स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध घेत असतील, तर ते आधी सांगा.

प्रश्न : सीएआर-टी उपचार आता भारतातच मिळतो असे ऐकले. माझ्या बहिणीला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. तिला चालेल का?
– एक भाऊ, हिंगणा

सध्या नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या नेक्सकार19 या सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्या टी-पेशी काढून, त्यांना बी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरचे सीडी19 हे प्रथिन ओळखायला लावून, परत शरीरात सोडतात. त्यामुळे तो बी-पेशींच्या ठरावीक ल्युकेमिया आणि लिम्फोमापुरताच आहे. फुप्फुसाच्या गाठीवर हे प्रथिन नसते. तुमच्या बहिणीच्या गाठीची जनुकीय तपासणी आणि पीडी-एल1 तपासणी झाली आहे का, ते आधी विचारा. तिच्यासाठी उपयोगाचे पर्याय त्यातून निघतात.

प्रश्न : सासूबाईंना फुप्फुसाचा टीबी निघाला. घरात दोन मुले आणि मधुमेही सासरे आहेत. प्रतिकारशक्ती वाढवायला सगळ्यांना गुळवेलाचा काढा आणि एक महागडी पावडर सुरू केली आहे. पुरेसे आहे का?
– एक सून, कामठी

पावडरचे पैसे वाचवा आणि डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे आणा. हे मी सहज म्हणत नाही. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या दहा हजारांवर कुटुंबीयांवर मोठी चाचणी झाली, ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या घरांत कुटुंबीयांनाही दरमहा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली, तिथे नव्या टीबीचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले. उपाशी शरीरात टी-पेशींची संख्या आणि त्यांचा इंटरफेरॉन दोन्ही घटतात. पोटभर अन्नाने ते भरून येतात. टीबीविरुद्ध एवढा मोठा परिणाम दाखवणारी कुठलीही पावडर मला माहीत नाही. सासूबाईंची निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली असेल, तर पोषणासाठी दरमहा 1000 रुपये थेट खात्यात मिळतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते. बँक खाते जोडले आहे का, ते आशाताईंकडून तपासून घ्या.

गुळवेल सासूबाईंना अजिबात देऊ नका. टीबीची औषधे मुळातच यकृतावर भार टाकतात, आणि गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत.

सासऱ्यांचा मधुमेह मला जास्त काळजीचा वाटतो. साखर वाढलेली असली की मॅक्रोफेज आणि टी-पेशी दोन्ही उशिरा हलतात आणि टीबीचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. त्यांची तीन महिन्यांच्या सरासरीची साखर तपासा. मुले आणि सासरे, तिघांचीही टीबीची तपासणी करून घ्या. सक्रिय टीबी नसेल, तर प्रतिबंधक औषध मिळते. त्यातला एक प्रकार आठवड्यातून एकदा, असा बारा आठवड्यांचा आहे. हे सगळे सरकारी केंद्रावर मोफत आहे. तिथे लागण पाहण्यासाठी सीवाय-टीबी ही त्वचेची चाचणी किंवा रक्ताची इग्रा चाचणी करतील. लहानपणच्या बीसीजीमुळे या दोन्हींत गल्लत होत नाही, जुन्या मॅन्टू या त्वचेच्या चाचणीत ती होऊ शकते. रक्तातली अँटिबॉडी पाहून टीबी सांगणारी चाचणी कोणी सुचवली, तर नकार द्या. दिशाभूल करते म्हणून भारताने 2012 मध्येच तिच्यावर बंदी घातली आहे.

प्रश्न : आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीची खूण आहे, तरी देशात एवढा टीबी का?
– एक निवृत्त शिक्षक, महाल

कारण ही लस लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून चांगली वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून फारशी नाही. तमिळनाडूतल्या चिंगलपेट भागात 1968 पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत मोठ्यांना फुप्फुसाच्या टीबीपासून संरक्षण मिळाले नाही. नव्या लसींपैकी एम72 ने आधीच लागण झालेल्या मोठ्यांत आजाराचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी केले होते. तिची अंतिम टप्प्याची चाचणी 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली.

प्रश्न : बाळाला जन्मतःच बीसीजी दिली, पण खूण उमटलीच नाही. परत द्यावी का?
– एक आई, वाडी

नाही. खूण न उमटणे म्हणजे लस लागली नाही, असे नसते. जागतिक आरोग्य संघटनाही अशा बाळांना पुन्हा बीसीजी द्यायला सांगत नाही. लसीकरणाच्या कार्डावर तारीख नीट लिहिली आहे ना, तेवढे पाहून घ्या.